तिसऱ्या ठोक्याला दोन्ही हात

आमच्या गल्लीत मला 'मशीनवाल्या मॅडम' म्हणतात. कुणाचा मिक्सर बंद पडला, कुणाच्या इन्व्हर्टरने मान टाकली, की पहिली हाक मला. मला मिक्सरमधलं काही कळत नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगते. मग समोरचा माणूस असा बघतो, की एवढी वर्षं अकोल्याच्या एमआयडीसीत ही बाई करत तरी काय होती? या अंकाच्या संपादकांनी हाच प्रश्न जरा सभ्य शब्दांत विचारला आणि मी फसले.

तर मी कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल करत होते. वडील अमरावतीत वकील, थोरले काका वकील, घरात येणारा प्रत्येक माणूस एकतर वकील नाहीतर अशील. त्या घरातली मुलगी स्क्रू ड्रायव्हर घेऊन रोज बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडते, हे नातेवाइकांना पचायला वेळ लागला. काहींना अजून पचलेलं नाही.

मोठ्या यंत्राला एक मेंदू असतो. तो पॅनेलच्या पेटीत बंद असल्यामुळे बाहेर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्याच्याकडे बातम्या आणणारे आणि त्याचे हुकूम बाहेर पोचवणारे छोटे डबे असतात, त्यांना मोड्यूल म्हणतात. बातमी आणतं ते इनपुट, हुकूम नेतं ते आउटपुट. आणि डिजिटल म्हणजे काय, तर बातमी दोनच प्रकारची: आहे किंवा नाही. बटण दाबलंय किंवा दाबलेलं नाही. 'बहुतेक', 'पाहू', 'तसं म्हटलं तर' हे शब्द त्या डब्याला ठाऊक नसतात. वकिलांच्या घरात वाढलेल्या मला हे फार आवडलं.

या मोड्यूलला कामाला लावायच्या दोन पद्धती आहेत. कागदोपत्री त्यांना क्लॉक्ड आणि अनक्लॉक्ड म्हणतात. मी ऑपरेटर लोकांना सांगताना 'ठोक्यावरचं' आणि 'मोकळं' असं म्हणायची. मोकळ्या पद्धतीत बातमी येईल तेव्हा येते आणि मेंदू त्याच्या सवडीने ती वाचतो. आमच्या घरी अशील कधीही कडी वाजवायचे आणि बाबा हातातला कागद संपवून बाहेर यायचे, तसं. ठोक्यावरची पद्धत शाळेच्या हजेरीसारखी. यंत्राच्या आत एक घड्याळ सतत ठोके देत असतं, पापणी लवेपर्यंत कितीतरी. ठोका पडला की सगळ्या बातम्या एकाच क्षणी टिपायच्या, मग विचार, आणि ठरलेल्या ठोक्याला सगळे हुकूम एकदम सोडायचे. दोन ठोक्यांच्या मधे कुणी डोकावून गेलं तर त्याची गैरहजेरी लागते.

यातलं चांगलं कोणतं, असं मला प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं. मी म्हणायची, काम काय आहे त्यावर आहे. हे उत्तर कुणालाच आवडत नाही.

अकोल्यात एका शेठजींची डाळमिल होती. भला माणूस, पण कुठलीही नवी गोष्ट कळली की ती सगळीकडे लावून बघायची हौस. त्यांच्याकडे तूरडाळीची पाकिटं भरणारं यंत्र होतं. पाकिटाच्या छापील कागदाच्या गुंडाळीवर ठरावीक अंतराने एक काळी खूण असते. सेन्सर ती खूण बघतो आणि सुरी त्या जागी कागद कापते. यंत्र मोकळ्या पद्धतीने चालत होतं, त्यामुळे खूण दिसल्याची बातमी कधी लगेच वाचली जायची, कधी किंचित उशिरा. तेवढ्यात कागद पुढे सरकायचा. पाकिटावर डाळीची वाटी घेतलेल्या एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. कधी त्या बाईचं कपाळ उडायचं, कधी हनुवटी. मी सगळं ठोक्यावर आणलं आणि बाई पुन्हा अखंड हसायला लागली. शेठजी इतके खूश झाले की आपल्या केबिनची घंटाही ठोक्यावर घ्या म्हणाले.

त्याच मिलमध्ये एकदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्र सुरूच होईना. मी गेले तर प्रत्येक सेन्सरच्या काचेवर हळदीकुंकवाचं छान बोट ओढलेलं. हा यंत्राचा डोळा आहे असं मीच कामगारांना शिकवलं होतं. त्यांनी सणाच्या दिवशी डोळ्यांची पूजा केली, त्यात त्यांचं काय चुकलं? ओल्या फडक्याने मी सगळे डोळे पुसले आणि पुढच्या वर्षीपासून कुंकू पेटीच्या दाराला लावायचं ठरलं.

मला खरं सांगायचंय ते याच शेठजींच्या दुसऱ्या कारखान्याबद्दल. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला त्यांनी पऱ्हाटीपासून बोर्ड करण्याचं युनिट टाकलं. कापूस वेचून झाला की उरतात ती वाळलेली झाडं म्हणजे पऱ्हाटी. आमच्याकडे ती चुलीत जाते नाहीतर शेतातच पेटवतात. इथे तिचा चुरा करून, त्यात चिकट रसायन कालवून, तो मोठ्या पत्र्याच्या ट्रेवर पसरायचा आणि गरम प्रेसखाली दाबायचा. टेबल, कपाटं करायला लागतो तसा बोर्ड तयार. ट्रे चांगला रुंद असतो. त्याच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी राहतात, फळीने चुरा सारखा करतात, ट्रे आत ढकलतात, आणि मग प्रेस खाली येते.

ती प्रेस खाली येते तेव्हा मधे कुणाचा हात असता कामा नये. म्हणून प्रत्येक बाजूला दोन बटणं, एक डाव्या हाताला आणि एक उजव्या हाताला. दोघांचे मिळून चारही हात बटणांवर असतील तरच प्रेस हलणार, आणि एक जरी हात सुटला तरी जागच्या जागी थांबणार. शिवाय चारही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत, एकत्र दाबली गेली पाहिजेत. ही शेवटची अट एवढ्यासाठी, की कुणी बटणात काडी खुपसून ते कायमचं दाबून ठेवू नये. आपल्या लोकांची कल्पकता मला माहीत आहे. एकत्र दाबलं की नाही हे ठरवायचं म्हणजे चारही बटणांकडे एकाच क्षणी बघायला हवं, म्हणून ती बातमी मी ठोक्यावर घेतली होती. संकटात ओढून प्रेस थांबवायची एक दोरी असते, ती मात्र मी मेंदूकडे न नेता सरळ मोटारीच्या तारेत बसवली. तिने ठोक्याचीही वाट बघायची नाही आणि मेंदूच्या सवडीचीही.

सुरुवातीचे काही महिने सगळं सुरळीत होतं. मग शेठजींचा फोन आला की सकाळच्या पाळीत लाल दिवा लागतोय, म्हणजे बटणं एकत्र दाबली गेली नाहीत म्हणून प्रेस नकार देते आहे. हात काढायचे, पुन्हा दाबायचे, पुन्हा लाल दिवा. तोवर गरम ट्रेवरचा चुरा खालून आळायला लागतो आणि बोर्डाला फोड येतात. निम्मा माल बाद व्हायला लागला होता.

"मॅडम, हे तुमच्या ठोक्याचंच हाय," शेठजी म्हणाले. दोन ठोक्यांच्या मधे बटण दाबलं जातं आणि ते मशीनला दिसत नाही, असं त्यांचं निदान होतं. माझंच शिकवणं माझ्यावर उलटलं. मी त्यांना सांगितलं की माणसाचं बोट यंत्राच्या मानाने फार आळशी असतं. आपण नुसता स्पर्श करून हात काढला तरी तेवढ्यात आतले कितीतरी ठोके होऊन जातात. त्यांना ते पटलं नाही. मग मी त्यांच्यासमोर इनपुट मोकळ्या पद्धतीवर टाकून दाखवलं. लाल दिवा तसाच लागला. वायरी तपासल्या, बटणं उघडून पुसली, मोड्यूल बदलून पाहिलं. शेवटी कुठलं बटण केव्हा दाबलं जातं ते लॅपटॉपवर पकडलं, तेव्हा दिसलं की यंत्र खरं बोलत होतं. कधी डावी बाजू आधी, कधी उजवी, आणि मधे चांगलं लांब अंतर. दुपारच्या पाळीतल्या जोडीला मात्र एकदाही लाल दिवा लागत नव्हता.

सकाळच्या जोडीत एका बाजूला रामकृष्णभाऊ होते, पन्नाशीचे, सावकाश आणि नेटकं काम करणारे. दुसऱ्या बाजूला वंदना, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. उंच बाई, हात लांब, ट्रेच्या मधोमधपर्यंत सहज पोचायची. तिचा नवरा पुण्याला ट्रक चालवत होता. कारखान्यातला सगळ्यात सारखा चुरा हीच दोघं पसरायची, हे शेठजीही कबूल करत होते.

"मंग बाई बदलून टाकू," शेठजी म्हणाले. "नाहीतर अकोल्यावरून माझा वायरमन बोलावतो. तो एकाच बाजूच्या बटणावर चालवून देते म्हने." म्हणजे दुसऱ्या बाजूच्या माणसाचे दोन्ही हात देवाच्या भरवशावर. मी त्यांच्याकडून शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि काहीतरी सापडेल असं तोंडाने म्हणाले. मनात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप बंद करून नुसती प्रेसजवळ उभी राहिले. दोघं खाली मान घालून काम करत होते. चुरा पसरला, ट्रे आत गेला, आणि दोघांचे हात बटणांवर येऊन अधांतरी थांबले. दोघंही ट्रेकडे बघत होते. एकमेकांकडे कुणीच बघेना. मग भाऊंनी बटणं दाबली, आणि ते दिसल्यावर गडबडीने वंदनाने. लाल दिवा. पुढच्या वेळी तिने आधी दाबली. पुन्हा लाल दिवा. दोघांच्याही चेहऱ्यावर घाम होता, आणि तो फक्त प्रेसच्या आचेचा नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही शेडच्या सावलीत बसलो. वंदनाने दोन डबे काढले. एक स्वतःपुढे ठेवला, दुसरा खांबापाशी सरकवला. भाऊ तिथेच उभे होते, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर. ती माझ्याकडे वळली.

"मॅडम, त्याइले सांगा, भाकर गरम हाय, आत्ताच खाऊन घ्या म्हना."

मी काही सांगायच्या आत भाऊंनी डबा उचलला आणि तेही माझ्याकडेच बघत म्हणाले, "सांगा तिले, मिरचीचा ठेचा कमी टाकत जाय म्हना. डाक्टरनं नाई म्हटलं हाय मले."

मी मधे बसून दोन्हीकडे मान हलवली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. थोरल्या दिराला आमच्याकडे भासरा म्हणतात, आणि भासऱ्याशी भावजय थेट बोलत नाही. भांडण नसतं, राग नसतो. उलट हा मानच असतो. बोलायचं ते मधल्या कुणाशी तरी बोलायचं, आणि ज्याच्यासाठी आहे त्याने ते ऐकायचं.

भाऊ हात धुवायला गेल्यावर मी वंदनाला विचारलं की आधी कसं जमत होतं. ती म्हणाली, आधी सुमनबाई मधे होती. सुमनबाई ट्रेच्या पुढच्या कडेला उभी राहून काठ साफ करायची आणि झालं की "हं, दाबा" म्हणायची. तिला शेठजींनी चुरा वाळवायच्या ओट्यावर पाठवलं, कारण तेवढ्या कामाला तिसरं माणूस कशाला? यंत्राच्या कुठल्याच नकाशात सुमनबाई नव्हती, माझ्याही नव्हती. पण ठोका तीच देत होती.

मी म्हटलं, शेठजींना सांगून जोडी बदलून घेऊ का?

"नका सांगू, मॅडम," ती म्हणाली. "भासरे समोर हायेत म्हनून तं घरचे येऊ देतात मले. दुसरा मानूस समोर उभा राह्यला तं उद्यापासून मी घरी. अन् सायबाले सांगसान तं गावात व्हईल, का इचं भासऱ्यासंग पटत नाई."

"मग त्यांना एवढं 'हं' म्हणायला तुला काय हरकत आहे?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "तुमच्या घरी भासऱ्यासंग बोलतात काय बाया?"

आमच्या घरी दारावर तीन तीन पदव्यांच्या पाट्या होत्या, पण माझी आई थोरल्या काकांशी कधी सरळ बोलली नाही. ती भिंतीकडे बघून म्हणायची, "पानं वाढली आहेत." काका भिंतीला म्हणायचे, "दोन मिनिटांत येतो म्हणावं." मी घरात असले की भिंतीची नोकरी माझ्याकडे. काकांना कारलं आवडत नाही हे आईला ठाऊक होतं, आणि आईला दुपारी डोकं दुखतं म्हणून काका अशिलांना हळू बोलायला सांगायचे. ते गेले तेव्हा आई जितकी रडली तितकी स्वतःच्या भावासाठी रडली नाही. आयुष्यभरात तिने त्यांना एकही सरळ वाक्य म्हटलं नव्हतं. लहानपणी मला हे गमतीचं वाटायचं, कॉलेजात असताना त्याची चीड यायची. आता नुसतं वाईट वाटतं.

त्या दोघांना बोलायला लावणं माझं काम नव्हतं, आणि ते मला जमलंही नसतं. मला फक्त सुमनबाईची जागा भरायची होती. मी दोन्ही बाजूंना पायाने दाबायचं एक एक स्विच बसवलं. आपलं काम झालं की पाय ठेवायचा. ही बातमी मी मोकळ्या पद्धतीने घेतली, कारण कोण आधी तयार होईल आणि कोण नंतर, याला काही ताल नसतो. दोन्ही पाय पडले की आउटपुट मोड्यूलने प्रेसच्या चौकटीवरच्या बझरला सारख्या अंतराने तीन ठोके द्यायचे, आणि तिसऱ्या ठोक्याला दोघांनी हात दाबायचे. इतकी वर्षं यंत्राच्या पोटात जो ठोका फक्त मोड्यूल एकमेकांना देत होते, तो मी पहिल्यांदा बाहेर माणसांना ऐकू येईल असा काढला.

शनिवारी शेठजी बघायला आले. टूं, टूं, टूं, आणि प्रेस खाली. पुन्हा टूं, टूं, टूं, आणि प्रेस खाली. लाल दिवा काही लागेना. ते म्हणाले, "मशीनले गानं शिकवलं काय तुमी?" खराबी कुठे होती असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक सिग्नल मधे तुटत होता. हे खोटं नव्हतं. वंदना मान खाली घालून ट्रे पुसत होती. भाऊंनी जाताना मला, दुसऱ्या कुणाला नाही, पिशवीभर संत्री दिली. मी आयुष्यात पुष्कळ यंत्रं चालू केली, पण त्या तीन टुकार ठोक्यांइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटला नाही.

यानंतर बरीच वर्षं गेली. मी निवृत्त व्हायच्या बेतात होते आणि ज्या ज्या ठिकाणी माझी पॅनेल होती तिथे एकेक चक्कर मारत होते. शेठजींना फोन केला तेव्हा ते सहज म्हणाले, "तो बझर कवाचा बंद हाय, पन मशीन मस्त चालून राह्यली. लाल दिवा नाई, काई नाई."

बझर बंद आणि तरी लाल दिवा नाही, याचा मला एकच अर्थ माहीत होता. वायरमन येऊन गेला होता आणि प्रेस एका बाजूच्या बटणांवर चालत होती. पॅनेल माझं होतं. त्याच्या भरवशावर ती दोघं रोज त्या गरम पत्र्याखाली हात घालत होती. मी त्याच दिवशी गाडी केली आणि बडनेरा ओलांडून थेट नांदगावच्या रस्त्याला लागले.

आत शिरल्याबरोबर मी पॅनेल उघडलं. एकही वायर हललेली नव्हती. चारही बटणं मोकळी होती, काडी नाही, रबर नाही, काही नाही. लॅपटॉप लावला, तर चारही बटणं अगदी एकत्र दाबली जात होती, माझ्या बझरच्या काळात दाबली जायची त्याहूनही एकत्र. मग मी जाऊन प्रेसजवळ उभी राहिले.

भाऊंचे केस पांढरे झाले होते. वंदनाला चष्मा लागला होता. चुरा पसरला, ट्रे आत गेला, दोघांनी पाय ठेवले आणि चारही हात बटणांवर आले. ट्रेकडे बघत भाऊ म्हणाले, "एक."

ट्रेकडेच बघत वंदना म्हणाली, "दोन."

तीन कुणीच म्हटलं नाही. त्या जागी चार हात एकदम खाली गेले आणि प्रेस खाली आली.

सुट्टीत हातपंपापाशी मी वंदनाला गाठलं. तिने सांगितलं की एक दिवस बझरची वायर आपोआप सुटली. दोघं नुसते हात ठेवून उभे राहिले. बोर्ड तापत चालला, करपट वास यायला लागला. मग भाऊंनी ट्रेकडे पाहून म्हटलं, "एक." तिला काही सुचेना, पण बोर्ड वाया जात होता, म्हणून ती "दोन" म्हणाली. दुसऱ्या दिवशी वायरमनने बझर जोडून दिला.

"मग पुन्हा बंद कसा पडला?"

ती पाण्याखाली हात धरून हसली. "मीच काढून ठेवली वायर. टेप बी गुंडाळली, तुमी करता तशी." मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "आकडे हायेत ते, मॅडम. बोलनं थोडीच हाय?"

मी नाही म्हटलं. बोलणं नाहीच ते. मग आम्ही जेवायला बसलो. तिने दुसरा डबा खांबापाशी सरकवला आणि भाकर गरम आहे हे भाऊंना सांगायला मला सांगितलं. मी सांगितलं.

निघण्याआधी पुन्हा एकदा प्रेसपाशी गेले. नियमाप्रमाणे बझर जोडून द्यायला हवा होता. स्क्रू ड्रायव्हर हातात होता, स्टुलावर चढायचंच बाकी होतं. तेवढ्यात पुढचा ट्रे आत गेला. भाऊ म्हणाले, "एक."

पलीकडून काही आलं नाही. वंदनाच्या चष्म्याच्या आत चुऱ्याचा कण गेला होता, ती पदराने डोळा पुसत होती. माझ्या बझरने एव्हाना दुसरा आणि तिसरा ठोका देऊन टाकला असता आणि लाल दिवा लागला असता. भाऊ बटणांवर हात तसेच अधांतरी धरून उभे राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही, खाकरलं नाही. तिने चष्मा नीट केला आणि हात पुन्हा जागेवर आणले, तेव्हा ते हळूच, पुन्हा म्हणाले, "एक."

मी स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये ठेवला.

"दोन," वंदना म्हणाली.